आसिफच्या नायकाचे अश्रू

“मॅडम, हीरो रो रहा है? वो भी लड़की के सामने?” सेल्सचे त्रिपाठीजी माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. “दुकानदार हँसेंगे. हटवाइए.”

चारपर्यंत फाइल प्रिंटरकडे जायची होती. अलीगंजमधल्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादक. पुस्तक होतं हिंदी मांगा, म्हणजे जपानी धाटणीची काळी-पांढरी चित्रकथा. प्रेमकथाच. काढली होती मलिहाबादच्या आसिफने. वय चोवीस, घरच्या आंब्याच्या बागा, पहिलंच पुस्तक.

त्याच्या गोष्टीतली मुलगी उंच, केस बारीक कापलेली, बाग एकटीने सांभाळणारी. मुलगा लाजरा, मुरब्बे करण्यात रमणारा. शेवटाकडे ती त्याला सांगते, “मैं ऐसी ही हूँ. बदलूँगी नहीं.” असं बोलायचा धीर त्याला स्वतःला कधी झालेला नसतो. ऐकून त्याला रडू फुटतं. ते पान दाखवताना आसिफ खाली बघत म्हणाला होता, “मैम, ये लड़का मैं ही हूँ.”

मी त्रिपाठीजींशी वाद घातला. पाच मिनिटं. मग आमचे मालक आले. “अरे यार, एक आँसू के लिए किताब रोकेंगी आप?” मी वाद सोडला. आसिफला फोन लावला, लागला नाही. बागेत रेंज नसते. पुन्हा लावला नाही, कारण तो नको म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं.

कॉम्प्युटरवर चित्र थराथरांत काढतात. थराला लेअर म्हणतात. रेषा एका लेअरवर, सावल्या दुसऱ्यावर. अश्रूंचा लेअर वेगळा होता. एक क्लिक केलं आणि ते गेले. बाकी चेहऱ्याला आपण हात लावला नाही, याचं मला वर समाधान वाटलं. धन्य आहे माझी!

पुस्तक आलं. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या एका शाळेत आम्ही स्टॉल लावला. आसिफ इस्त्रीचा कुर्ता घालून सह्या द्यायला आला. छापील प्रत त्याने अजून उघडलीही नव्हती. बारीक केसांच्या, नववीतल्या एका मुलीने उभ्या उभ्या पुस्तक वाचून काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

“भैया, वो तो अपने दिल की बात बता रही है. ये उस पर हँस क्यों रहा है?”

मीही वाकून बघितलं. मिटलेले डोळे, उघडं तोंड, वर आलेले खांदे. अश्रूंशिवाय तो मुलगा खो-खो हसत होता. इतकी वर्षं चित्रं तपासतेय, पण प्रूफवर मी फक्त गाल कोरडे झाले का तेवढं बघितलं होतं.

“हँस नहीं रहा, बेटा,” आसिफ म्हणाला. मुलीने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ती गेली.

“गलती मेरी है,” मी म्हणाले.

“घर में भी सब यही कहते हैं, मैम. मर्द होके रोता है. मुझे लगा था, आप...”

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

दुसऱ्या आवृत्तीत भांडून अश्रू परत आणले. चित्रकाराला विचारायला वेळ नसेल तर छापायलाही वेळ नाही असं धरावं, हे मी आता नव्या लोकांना सांगते. आसिफला प्रत पाठवली, नवं काही काढलंय का विचारलं. त्याचा मेसेज आला: “शुक्रिया मैम. अब अब्बू के साथ आम की आढ़त पर बैठता हूँ. घर में सब खुश हैं.”