स्वेटरमधलं पिल्लू

मागच्या रविवारी माहेरी गेले होते, नवेगाव बांधला. बाबांच्या शेतात धानकापणी सुरू होती आणि माझ्या तनूला, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या पोरीला, ती बघायची होती.

सकाळी थंडी होती म्हणून तिला स्वेटर घातला होता. दुपारी बघते तर स्वेटर अंगात नाही, मांडीवर आहे... आणि त्यात काहीतरी आहे. जवळ जाऊन पाहिलं तर सशाचं पिल्लू! रानातलं, मातकट रंगाचं, मुठीत मावेल एवढं.

तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. याला आमच्या घरी, मुर्रीला न्यायचं, गाजर द्यायचं, नाव ठेवायचं, सगळं ठरलेलं. पिल्लू एकदम शांत बसलं होतं. हलत नव्हतं, पळत नव्हतं. त्याला मी आवडते, असं तिचं म्हणणं.

मला मात्र तेव्हापासून काही सुचेना. एवढंसं पिल्लू, आईचं दूध पीत असेल अजून... याची आई कुठे?

बाबांना विचारलं तर ते विळा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवत म्हणाले, "आता मानसाचा हात लागला. माय नाही घेत त्याले." म्हणजे आता पाळायचं, नाहीतर ते मरायचं. तनूला तेच हवं होतं. ती लगेच तिच्या आबाजींच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या बाजूने.

माझा चुलतभाऊ राहुल वनरक्षक आहे. त्याला फोन लावला. रेंज येईना म्हणून तळ्याच्या उंच पाळीवर चढले, तिथून कसाबसा लागला. जयभीम झालं आणि त्याने आधी एकच विचारलं, दूध तर नाही ना पाजलं? नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं ते मला तरी नवीन होतं.

पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशांची पिल्लं जन्मतात तेव्हा बिनकेसांची असतात, डोळे मिटलेले. रानातल्या सशाचं तसं नाही. तो बीळ करत नाही. पिल्लू केसांसकट, उघड्या डोळ्यांनी, गवतातच जन्मतं. आई त्याला तिथे ठेवून मुद्दाम दूर राहते, म्हणजे तिच्या वासावर कुत्रं-कोल्हं येऊ नये. अंधार पडायला लागला की येते, पटकन पाजते आणि जाते. माणसाचा हात लागला म्हणून टाकत नाही. पण पिल्लू जिथे होतं तिथेच ठेवा, आजच ठेवा, आणि ताई, घरी तर अजिबात नेऊ नका, तो गुन्हा आहे, असं त्याने बजावलं.

आता प्रश्न एवढाच, जिथे म्हणजे कुठे?

तनूला विचारलं. माहीत नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. इकडे बाया कापत पुढे चालल्या होत्या. कापलेल्या सगळ्या बांध्या, धानाचे ते चौकोनी तुकडे, सारख्याच दिसतात. ऊन उतरायला लागलं होतं आणि माझं सारखं बांधीकडे बघ, पोरीकडे बघ, घड्याळाकडे बघ सुरू होतं. रागवावं तर ती अजून मिटून जाईल, हेही कळत होतं.

शेवटी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, बेटा, त्याच्या छातीला बोट लावून बघ.

तिने लावलं. मग कान लावला. तशीच वर बघून म्हणाली, "आई, हा तर चुपचाप बसला आहे ना... मग याचं आतून एवढं जोरात काऊन धडधडून राहिलं?"

मी सांगितलं, तो घाबरला आहे. घाबरला की तो पळत नाही, असाच गप्प बसतो. त्याच्या आईने त्याला हेच शिकवून पाठवलं आहे.

ती उठली आणि सरळ चालायला लागली. एकदाही इकडेतिकडे न बघता पलीकडच्या धुऱ्यावर, बोरीच्या झुडपाखाली. गवतात वाटीएवढा खळगा होता. तिने स्वतःच्या हाताने पिल्लू त्यात ठेवलं आणि स्वेटर उचलून घेतला. रडली नाही, पण ओठ आत दाबून धरला होता.

बाबा बायांना सांगून आले की या धुऱ्यालगतची पट्टी आज राहू द्या. कुत्र्यालाही बांधून टाकलं.

आम्ही लांब, मोटारसायकलजवळ उभ्या राहिलो. सूर्य टेकला. गवत हललं की मी टाचा उंच करून बघायची. काहीच नाही. पुन्हा हललं, वारा होता. तनूच माझा पदर ओढून म्हणाली, "चल ना आई. आपण पाहून राहिलो म्हणून ती नाही येऊन राहिली."

मुर्रीला यायला निघालो. वाटेत मला सारखं वाटत होतं, चूक तर केली नाही ना... कोल्हं आलं तर?

सकाळी मी तव्यावर पोळी टाकून फोनकडेच बघत होते. बाबांचा फोन आला. खळगा रिकामा होता. रक्त नाही, केस नाहीत. मग म्हणाले, "बाजूले मोठ्या लेंड्या पडून आहेत. ताज्या. माय येऊन गेली, पोरी."

तनू दात घासता घासता तशीच नाचली.

काल ती ट्यूशनवरून आली आणि कोपऱ्यात गुपचूप बसून राहिली. एरवी मी म्हटलं असतं, चला, आज पोरगी शहाण्यासारखी बसली आहे, तेवढ्यात भाजी टाकून घेऊ. काल गॅस बंद केला, तिच्याजवळ जाऊन बसले आणि पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली...