डावा हात

वर्गात शिरण्याआधी शहाजी सर दाराबाहेर थांबून आतला आवाज ऐकत. खडूचे तुकडे शर्टाच्या खिशात टाकत, त्यामुळे खिसा कायम पांढरा. चहा बशीत ओतत आणि विसरून जात. मुलांसमोर रोज एकदा तरी म्हणत, "हे मला नाही समजलं, परत सांग." काळजीत असले की गावाकडचं बोलू लागत.

त्या आठवड्यात ते सारखे गावाकडचंच बोलत होते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून असलेल्या या शाळेचे ते जूनपासून मुख्याध्यापक. तपासणी आली होती. यंदा शेरा खराब आला तर सरांना मोहोळच्या शाखेत पाठवू, असं संस्थेनं बजावलं होतं. आणि तपासणीचे साहेब बसणार होते पाचवीच्या वर्गात. म्हणजे संस्कृती बाईंच्या. तिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

"एवढं काय घाबरायचं?" उदयसिंह सर स्टाफरूममध्ये म्हणाले. "सगळ्यांनी हात वर करायचे. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. तू उजव्यालाच विचार. वीस वर्षं हेच करतोय आपण. साहेब खूश, पोरं खूश."

"आता डाव्याला आधी विचारायचं ठरलंय ना, सर?"

"ठरलंय! ठरवणारे जातील मोहोळला. तुला हितंच राहायचंय."

शहाजी सरांनी जूनमध्ये दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. डावा हात आधी. आणि दर शनिवारी प्रत्येकानं दुसऱ्याच्या तासाला मागं बसायचं, नंतर काय दिसलं ते सांगायचं. उदयसिंह सरांनी आपल्या वर्गात कुणाला बसू दिलं नव्हतं.

साहेब आले. मागच्या बाकावर बसले. शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट खिडकीतून येत होता. संस्कृतीनं फळ्यावर अर्धा आणि पाव लिहिले, एकाखाली दोन, एकाखाली चार.

"मोठा कोणता?"

सगळे हात वर. पुढं अभिमन्यूचा उजवा, ताठ. त्याला विचारलं की झालं. दाराशी शहाजी सर उभे होते. ते तिच्याकडं बघतच नव्हते. ते पिंकीच्या डाव्या हाताकडं बघत होते.

"पिंकी, सांग."

"पाव मोठा, बाई."

"कसा काय?"

"खाली चार हाय की."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. संस्कृतीनं टॉवेल मागवला, घड्या घातल्या. पिंकीनं बोट लावून बघितलं. थोडं कळलं, थोडं राहिलं. तेवढ्यात घंटा झाली.

"मुलांच्या मूलभूत संकल्पना कच्च्या," असा शेरा आला.

"माझ्यामुळं झालं, सर," संस्कृती म्हणाली.

"लई चांगला तास झाला," शहाजी सर म्हणाले. बशीतल्या चहावर साय धरली होती.

शुक्रवारी उदयसिंह सर शहाजी सरांच्या टेबलाजवळ घुटमळले. "उद्या बसा माझ्या वर्गात. बघू तरी काय सापडतंय."

सर बसले. पूर्ण तास, शेवटच्या बाकावर, अंग चोरून. बाहेर आल्यावर म्हणाले, "घाईनं सांगण्यासारखं न्हाय. सोमवारी निवांत बोलू."

रविवारी बदलीचा आदेश मोबाइलवर आला. सोमवारी सर मोहोळला हजर झाले.

मधल्या सुट्टीत उदयसिंह सर संस्कृतीजवळ आले. दोनदा खाकरले.

"तुला काही बोलले का गं सर? माझ्या तासाबद्दल?"

"नाही, सर."

"चेहऱ्यावरनं कसं वाटलं?"

"फोन करा की."

"असं फोनवर कसं विचारायचं?" ते म्हणाले. "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बसलं होतं मागं."

घंटा झाली. ते आपल्या वर्गापाशी गेले आणि दाराबाहेरच उभे राहिले. त्यांच्या तासात शहाजी सरांना काय दिसलं, ते सांगायचं राहूनच गेलं.