नमुन्यातून गळलेलं नाव

समीक्षाच्या वस्तीवरून निघून तासभर झाला होता, तासगाव अजून चार किलोमीटर होतं, आणि रुक्सार अशी चालत होती की मला पदर खोचून मागं पळावं लागत होतं. बेदाण्याच्या शेडवरच्या बायका काम सोडून बघायला लागल्या.

"अगं, हळू. गुडघे पासष्टीचे आहेत माझे."

"बाई, त्या भाऊसोला तुमी काईच बोलला न्हाईत. माझी पोरगीच ढ, मशीन कशी चुकंल म्हणतोय!"

भाऊसो म्हणजे समीक्षाचे वडील. त्यांनी पोरीचा रुक्सारकडचा क्लास बंद केला, म्हणून आम्ही समजूत घालायला गेलो होतो. चहासुद्धा न घेता उठलो.

रुक्सार माझी शाळेतली विद्यार्थिनी. आता मराठी शाळेतल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवते. मशिनी चार, मुली तीस. त्यामुळं मुली नमुन्याचा कोड आधी वहीत उतरवतात, पाठ करतात आणि नंबर लागला की टाइप करतात. हे नमुने कोडच्या भाषेच्या माहितीपुस्तकातले. पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे, त्यातली चूक कुणालाही कळवता येते. पहाटेची नमाज झाली की सहा वर्षं ही पोर त्यातल्या चुका शोधून कळवते. पगार नाही, कौतुक नाही.

यादी छापायच्या एका नमुन्यात मोजणी एक आकडा आधीच थांबते, शेवटचं नाव गळतं. रुक्सारनं ते पुस्तकवाल्यांना मार्चमध्येच कळवलं. पण समीक्षाचा नमुना तेव्हा पाठ झालेला. गावातल्या डोळ्यांच्या शिबिराची यादी तिनं त्यावरूनच काढली. शेवटचं नाव बनुबाईंचं, ते छापलंच नाही. म्हातारी सकाळपासून मंडपात बसली आणि डॉक्टर निघून गेले. सगळं गाव पोरीवर तुटून पडलं.

मारुतीच्या देवळापाशी मी हात जोडले. "माझ्या वाटणीचंबी सांगा त्याला," रुक्सार म्हणाली. "मला आत्ता कुणाशी नीट बोलता यायचं न्हाई."

"पण समीक्षानं यादी ताडून बघायला पाहिजे होती गं."

"व्हय, पाहिजे होती. आन मीबी वर्गात एकदाच सांगून सोडलं, त्या दिवशी ती न्हवती. ते माझं चुकलं. पर ह्या पुस्तकवाल्यांचं काय?" तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यांचं उत्तर, सगळं इंग्रजीत. "लिवलंय, नमुना निसता कल्पना यावी म्हणून हाय, शिकणारा चालवून बघंल. कशावर चालवंल, माझ्या डोस्क्यावर? आन म्हणं, तुमच्याबिगर कुणाची तक्रार न्हाई. मी सुचवलेली दुरुस्ती न घेताच बंद केली!"

मलाही राग चढला. फळ्यावर एक चूक झाली तर साठ वह्यांत जाते, म्हणून तीस वर्षं मी डस्टर हातात धरून लिहिलं. आणि ही एवढी शिकलेली माणसं!

रुक्सार भर रस्त्यात थांबली. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, ही हलेना.

"बाई, त्यो नमुना तुमी हातानं वहीत उतरवा. आठच ओळी हायत, मी समजावते. मोजणी कुठं चुकतीय ते तुमच्या नावानं मराठीत लिवून द्या, इंग्रजी मी करते. दोघींचं तरी ऐकतील. त्यांनी चूक मान्य केली की त्यो कागद भाऊसोच्या हातात ठेवायचा हाय मला, पोरगी ढ न्हाई म्हणून. आजच लिवा, बाई."