पालथ्या तांब्यावरचं फुलपात्र

कोरेगावात सातारा रस्त्याला लागून तात्याबाचं घर. आत शिरलं की डाव्या हाताला फळी, फळीवर पालथा पितळी तांब्या आणि तांब्याच्या बुडावर स्टीलचं फुलपात्र. नवा पाहुणा पाण्यासाठी हात पुढं करायचा आणि तात्याबा जागेवरनं उठायचा. "त्याला हात लावू नका. ते पडायसाठी हाय."

खरंच ते पडण्यासाठी होतं; जमीन हादरली की आधी तेच वाजणार. तात्याबाचा जन्म कोयनानगरचा. सदुसष्ट सालच्या भूकंपात आईनं त्याला काखोटीला मारून बाहेर आणलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वडील आतून म्हणाले होते, "थांबा जरा, बंद हुईल." ते बंद झालं, पण वडील काही बाहेर आले नाहीत. तेव्हापासून तात्याबाच्या अंगात एकच गोष्ट भिनली. पहिल्या हादऱ्याला दार गाठायचं. हादरा मोठा की बारका, ते बाहेर उभं राहून बघायचं.

पुढं तो तिथल्याच प्रकल्पावर वायरमन झाला, रिटायर झाला, कोयनेपासून लांब म्हणून कोरेगावात घर बांधलं. सामानाच्या टेंपोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसला तेव्हा मांडीवर तांब्या आणि फुलपात्र होतं.

"लग्नात मंगलाष्टकं चाललीवती," त्याची बायको उमा सगळ्यांना सांगायची, "आन् कुणाचा तरी धक्का लागून स्पीकरचा खांब हालला. ह्यांचा एक पाय मांडवाच्या भायेर. मी हात धरलावता म्हणून लगीन लागलं."

लोक हसायचे. तात्याबाही हसायचा, पण हसताना डोळा फळीवर.

ही पळायची सवय व्यवहारातही शिरली होती. लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव जरा उतरला म्हणून कुणी नुसतं कुजबुजलं, की तात्याबानं दुसऱ्या दिवशी साठवलेल्या कांद्याची सगळी चाळ रिकामी केलेली असायची. मग पंधरवड्यानं भाव असा चढायचा की उमा ताटात कांदा वाढायची नाही. साताऱ्यातला प्लॉट असाच दिला. तिथला एक कारखाना बंद पडणार अशी आवई उठली, तात्याबा पहिला पळाला. कारखाना चालूच आहे. त्या प्लॉटवर आता तीन मजली दवाखाना आहे आणि उमाचे गुडघे दाखवायला तिथंच जावं लागतं. जिन्यावर ती दर वेळी म्हणते, "आपल्याच जागेत नंबर लावून बसायचं, आवं."

आता राहिलं होतं एकच घर. ते विकायचं हे दोघांचं ठरलं होतं. लेक मयूरी सांगलीला. उमाला चालवत नव्हतं. कोरेगावातले शेजारी एकेक करून जागा विकून गेलेले, दोन्ही बाजूंना शटरची दुकानं. विकायचं हे पक्कं होतं. कधी, तेवढंच उरलं होतं, आणि तेवढ्यानंच तात्याबाची झोप उडवली होती.

कारण समोरचा रस्ता रुंद होत होता. जागेचा भाव कालचा आज राहत नव्हता. आणि त्याच रस्त्यासाठी खडीचे डंपर दिवसभर दारावरून जात होते. डंपर आला की फळीवर फुलपात्र किणकिणायचं. तात्याबा चहाची बशी तशीच ठेवून अंगणात. डंपर जायचा, तो आत यायचा. दुसरा डंपर. पुन्हा अंगणात. आयुष्यभर ज्या आवाजाची वाट बघितली तो आता दिवसभर वाजत होता, आणि त्यातला खरा कुठला ते कळायची सोय उरली नव्हती.

भावाचंही तसंच. चहाच्या गाड्यावर कुणी म्हणायचं, "थांबा, अजून चढणारंय." तात्याबाला वाटायचं, आत्ता विकलं तर बुडालो. दुसरा म्हणायचा, "आता उतरणार, बघा." लगेच वाटायचं, आत्ता न विकलं तर बुडालो.

त्यात समोरचा लालासाहेब. त्यानं दिवाळीत जागा विकली, चांगल्या भावात विकली, गावभर पेढे वाटले. संक्रांतीपर्यंत तोच भाव दुप्पट झाला. तेव्हापासून तो रोज दुपारी तात्याबाच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा, तोंड रस्त्यापलीकडं, आपल्या घराच्या जागी खणलेल्या खड्ड्याकडं.

"गप बसलो असतो तर," म्हणायचा. त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. "गप बसलो असतो तर आज काय झालं असतं रं, तात्याबा?"

"आत ये, च्या घे."

"न्हाई. हितनं दिसतंय बरं."

तात्याबा त्याच्याकडं बघायचा आणि त्याला घाम फुटायचा. वडील आत थांबले म्हणून गेले. हा गडी बाहेर पळाला, तर हा असा. मग माणसानं उभं राहायचं तरी कुठं?

सांगलीहून मयूरीचा फोन यायचा. "पप्पा, तळमजला बघू नका. पुराचं पाणी येतं. तिसऱ्या मजल्यावर एक छान फ्लॅट आहे."

"तिसऱ्यावरनं पळायचं कसं?"

"लिफ्ट आहे की."

"हादऱ्यात लिफ्ट?"

"पप्पा, सांगलीत कुठं भूकंप होतोय?"

"कोयनेत तरी कुठं हुता, हुयाच्या आदी?"

 उमा फोन काढून घ्यायची आणि नातवाच्या खोकल्याचं विचारायची.

अशात विश्वजित आला. जमिनीच्या व्यवहारातला एजंट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन फोन. तो बोलायला लागला की फोनचं रेकॉर्डिंग लावल्यासारखा.

"तात्या, क्लिअरमधी सांगतो. आजचा रेट आज हाय. नकाशा बदलतोय. रस्ता तिकडनं वळला की हितं कुत्रं इचारणार न्हाई. मी आपला माणूस म्हणून सांगतो, हां. क्लिअरमधी."

"नकाशा बदलतोय?" तात्याबानं फळीकडं बघितलं.

"उद्या-परवा जाहीर हुतंय. इसाराचे पैसे मी संगटच आणल्यात. ही पावती. सही करा, मोकळे व्हा. उद्या रेट पडला तर माज्या नावानं रडू नका."

पडला, हा शब्द तात्याबाच्या कानात शिरला आणि तिथंच फिरत राहिला. विश्वजितचा भाव बरा होता, पण लालासाहेबाच्या जागेच्या आताच्या भावापुढं काहीच नव्हता. सांगलीतल्या फ्लॅटला पुरतोय की नाही हेही त्यानं विचारलं नाही. पेन हातात घेतलं. कपाळावरचा घाम पावतीवर पडला, तो त्यानं अंगठ्यानं पुसला.

उमा चौरंगावर पाय पसरून लसूण सोलत होती. "वाचून तरी बघा," म्हणाली.

"वाचायला येळ हाय व्हय?"

आणि तेवढ्यात रस्त्यावरचा रोलर दाराशी आला. आधी फरशी घुमली. मग भिंत. फळीवर फुलपात्र वाजायला लागलं, बारीक, मग मोठ्यानं, आणि कोरेगावात आल्यापासून पहिल्यांदा ते तांब्यावरून सुटलं आणि खणखणत जमिनीवर आलं.

तात्याबा उंबऱ्यापलीकडं. पेन हातातच. पाठोपाठ विश्वजित. त्याला कशाचा पत्ता नव्हता, समोरचा पळाला म्हणून तोही पळाला, एक बूट पायात, एक ओसरीवर.

"काय झालं? काय झालं तात्या?"

समोर रोलर घुर्र घुर्र करत होता. वर बसलेला पोरगा कानात वायर घालून मान हलवत होता. बाकी सगळं जागच्या जागी. फक्त उमा बाहेर आली नव्हती.

"अगं, ये की भायेर." तात्याबा ओरडला.

"गुडघं धरल्यात. आन् रोलर हाय त्यो."

"ये म्हणतोय न्हवं. भिंत घुमतीया."

"घुमू द्या." लसणाची साल फुंकल्याचा आवाज आला. "कांदं भायेर हुबं ऱ्हाऊन इकलं. पिलाट भायेर हुबं ऱ्हाऊन इकला. ह्ये घर तरी आत बसून इका."

रोलर मागं गेला आणि पुन्हा पुढं आला. खिडकीचं तावदान थरथरत होतं. तात्याबानं दाराकडं बघितलं. साठ वर्षांत तो हादऱ्यात बाहेर आला होता, आत कधीच गेला नव्हता. वडिलांचा आतून आलेला आवाज आठवला, थांबा जरा, बंद हुईल. त्या आवाजामागं आत कुणी गेलं नव्हतं. त्यानं उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. दोन्ही हातांनी चौकट धरून तो आत शिरला आणि उमाशेजारी, भिंतीला पाठ लावून बसला. भिंत पाठीत घुमत होती. त्यानं डोळे मिटून घेतले. उमानं लसणाचा हात पदराला पुसला आणि त्याचं मनगट धरलं, मांडवात धरलं होतं तसं.

रोलर पुढं गेला. घुमणं हळूहळू उतरलं.

विश्वजित दारातूनच डोकावला. "तात्या, तेवढी सही."

"पोरा," उमा म्हणाली, "उद्या रेट पडणार म्हणतूस?"

"शंभर टक्के, काकू. क्लिअरमधी."

"मग उद्याच घे की. सस्तात मिळंल."

विश्वजितनं तोंड उघडलं. रेकॉर्डिंगमध्ये पुढचं काही भरलेलं नव्हतं. एक फोन वाजला, त्यानं तो बंद केला. दुसरा वाजला, तोही बंद केला.

"जागा घेणाऱ्या साहेबांना काय सांगू?" त्याचा आवाज एकदम पोरासारखा बारीक झाला. तात्याबानं डोळे उघडले. विश्वजितच्या चेहऱ्यावरची भीती त्याला ओळखीची वाटली.

"सांग, आजून आत बसलोय म्हणावं," तात्याबा म्हणाला.  "आदी सांगलीला जाऊन त्या तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाऊन बघतो आठ दिस. झोप लागली तर आल्यावर बोलू. त्या दिवशी जो भाव आसंल त्यो."

"आन् पडला तर?"

तात्याबानं हातातलं पेन त्याच्यापुढं धरलं.  

उमानं जमिनीवरचं फुलपात्र उचललं, कडेला चेप आली होती. ते विसळून पाणी भरलं आणि विश्वजितपुढं धरलं. "बूट घालायच्या आदी पाणी पी."

दुपारी लालासाहेब फाटकाशी येऊन उभा राहिला. "कितीला दिलं रं?"

"न्हाई दिलं."

"बरं केलंस." त्यानं तोंड खड्ड्याकडं वळवलं. "पर गप बसून ऱ्हायलास आन् उतरलं तर रं, तात्याबा?"

तात्याबा फाटकापर्यंत गेला नाही. आत भिंतीला टेकून बसल्या बसल्याच त्यानं विचारलं, "च्या घेतूस का? आत यावं लागंल."

लांबून डंपर येत होता. फळीवर नुसता तांब्या होता, त्याचा आवाज होणार नव्हता. तात्याबानं तळहात फरशीवर दाबून धरला आणि बसल्या जागी डंपर जाण्याची वाट बघत राहिला.