गाऊनचं टिचबटण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. नांदेडला तिच्याकडं राहते आता. ती कामावर गेली की घर माझं एकटीचं. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तसं लिहिते. तुम्ही जवळचे समजून वाचा.

भूकंपात नवरा गेला. पोर काखेत घेऊन लातूर गाठलं आणि पुढं एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये मावशी म्हणून लागले. भोवती सगळे क्लासेस आणि मेस. माझं काम बायकांचं — गाऊन घालायला द्यायचा, गळ्यातलं-कानातलं काढून ठेवायला लावायचं. धातू राहिला की फोटोत पांढऱ्या रेघा उठतात, हे आमचे टेक्निशियन सलीमसर पहिल्याच दिवशी बोलले होते.

सोपं काम ना? पण मंगळसूत्र — ते मी कोणत्या तोंडानं मागू? माझाच गळा मोकळा. एकदा एकीला काढा म्हटलं, तर सासूला म्हणाली, "स्वतःचं गेलं, आता माझं काढायला निघाली." सासू हसली. मीही हसले. तेव्हापासून जीभच उचलेना. बहुतेक जणी आपणहून काढायच्या. ज्या काढायच्या नाहीत — नाही, एकीचंच सांगते.

सुमनबाई. क्लासच्या पोरांची मेस चालवायची. खोकला हटत नव्हता. आधी क्षय होऊन गेलेला, स्कॅन वरचेवर व्हायचे, म्हणून तिच्या डॉक्टरांनी कमी किरणांचा लिहून दिला होता. त्यात फोटो दाणेदार येतो, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा. मग कंप्यूटर ते दाणे पुसतो. सलीमसर म्हणायचे, "मावशी, दाणा पुसता येतो. रेघेखाली काय दडलंय ते मशीनला बी दिसत न्हाई."

ती गळ्याशी मूठ धरून बसली. म्हणाली, "ताई, हे न्हाई काढायची मी. भूकंपात मालक दगडाखाली होते. मी हे असं मुठीत धरून बसले. जिते निघाले."

तिला माझं काय माहीत? त्या पहाटे मीही माझं मुठीत धरूनच बसले होते.

तेव्हा मनात काय आलं? दया आली असं लिहिलं असतं, पण खोटं कशाला — राग आला. म्हटलं, ठेव मग. मंगळसूत्र गोळा करून मीच तिच्या खांद्याशी सारलं, वरून गाऊन नीट केला.

स्कॅनच्या आधी एक साधा फोटो घेतात. त्यात ते दिसलं. काचेपलीकडून सरांनी विचारलं, "मावशी, खांद्यापाशी काय दिसून राहिलं?"

"गाऊनचं टिचबटण हाय."

बाहेर रांग होती. त्यांनी विश्वास ठेवला.

फुप्फुसाच्या वरच्या टोकावर रेघाच रेघा आल्या. आमचे रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर सलीमसरांना रागावले, कमी किरणांच्या नावानं कुरकुरले. कंप्यूटरनं पुसता आलं तेवढं पुसलं. क्षयाचा जुनाच डाग दिसतो, म्हणून लिहून दिलं. सुमनबाई हसत गेली. तेव्हाही सांगता आलं असतं — टेबल तिथंच, बाई जिन्यातच होती. मी चादर बदलत राहिले.

पुढं रेघा नकोत म्हणून सेंटरनं टिचबटणांचे सगळे गाऊन काढून टाकले. नाड्यांचे आणले. तुटलेल्या नाड्या मीच शिवायची.

दिवाळीनंतर ती परत आली. नवऱ्यानं दंडाला धरून आणलेली, थुंकीत रक्त. ह्या वेळी तिनं न सांगता मंगळसूत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. गरम होतं. स्कॅन झाला. गाठ तिथंच होती, रेघांच्या जागी, मोठी झालेली. डॉक्टर म्हणाले, मागच्या खेपेला मशीननं दगा दिला. सलीमसर खाली बघत होते. मीही.

पोरांच्या परीक्षेच्या आत ती गेली.

नंतर तिचा नवरा सेंटरच्या दारात येऊन उभा राहिला. कागदात गुंडाळलेलं लुगडं पुढं केलं. म्हणाला, "तुम्हाला द्या म्हणली होती. म्हणायची, समदे काढ काढ करतेत, येका त्या ताईनंच माझं ठेवलं."

मी ते घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं.

पेटीत आहे, घडी मोडलेली नाही. ते बटण नव्हतं. मला माहीत होतं.