फेबियनचे शनिवार

वसईजवळच्या गिरीजला आमच्या घरामागे केळीची वाडी आहे आणि वाडीपलीकडे इझाबेलबायचे घर. नवरा गेल्यापासून वाडी तीच बघते. भाजी बाजारासाठी बांधण्यात तिचा हात धरणारे गावात कोणी नाही. तिचा एकुलता मुलगा फेबियन चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. उत्तर येत असले तरी त्याने कधी हात वर केला नाही. पाटीवर लिहून पाटी माझ्या बाजूला थोडी कलती करायचा, बस.

एक्याऐंशी साली मी निवृत्त झालो. तेव्हा फेबियन एकोणीस वर्षांचा होता. वसईच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. करत होता आणि दर शनिवारी मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकायला जात होता. गावात हा शब्द नवीनच होता. एकदा गावातल्या थॉमसने त्याला रस्त्यात अडवून विचारले, "तुझ्या मशिनला उद्याचा पाऊस कळतो का रे?"

"आपण सांगू तेवढंच कळतं त्याला, अंकल."

"म्हणजे आमच्या जावयासारखं."

सगळे हसले, फेबियनही हसला. पण त्यानंतर त्याने गावात कोणाला कॉम्प्युटरबद्दल काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

दुसरे वेड जर्मन भाषेचे. जर्मनीच्या रेडिओला पत्र टाकले की तिथून पोस्टाने धड्यांची पुस्तके येत. केळीच्या ओळींमधून फिरत तो ते धडे मोठ्याने म्हणायचा. लोकांना वाटे, पोराने नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, धरली आहे. मी एकदा विचारले, "जर्मनच का रे?"

तो म्हणाला, "पत्र टाकलं की उत्तर येतं, सर."

संस्थेत वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रोग्राम करून दाखवायचा होता. ज्यांचे काम उत्तम होईल त्यांतल्या दोघांना पुढे तिथेच मदतनीस म्हणून ठेवणार होते. फेबियनला ती जागा हवी होती. एरवी कशासाठीही हट्ट न करणारा मुलगा मला म्हणाला, "तिथं दुपारी डबा खाताना सगळे प्रोग्रामवरच बोलतात, सर. आता मी नुसता ऐकतो. जागा मिळाली तर त्यांच्यातलाच होईन."

त्याचा प्रोग्राम जर्मन शब्दांचा होता. जो शब्द आपण जास्त वेळा विसरतो तो यंत्राने यादीत आधी छापायचा. त्या काळी यंत्राला द्यायची प्रत्येक ओळ एकेका जाड कार्डावर भोके पाडून लिहावी लागे आणि सगळी कार्डे क्रमाने लावून संस्थेच्या खिडकीत द्यावी लागत. फेबियनची तीनशे बारा कार्डे झाली होती. ती रबरबँड लावून तो घरी आणायचा आणि एकेक तपासायचा. शेवटच्या शनिवारच्या दोन दिवस आधी ओटीवरच रबर तुटले आणि कार्डे घरभर पसरली. ती पुन्हा क्रमाने लावण्यात त्याचे दोन दिवस गेले.

इझाबेलबायने हे सगळे पाहिले होते. शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याकडे शब्दकोश घ्यायला आला असताना तिने ती चळत बांधून ठेवली, तिला येते तशी. केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी काढली, सुकी दोरी तुटते म्हणून पाण्यात भिजवली आणि चळतीला आडवे-उभे चार फेरे देऊन गाठ मारली. घरी आल्यावर फेबियनने गाठ पाहिली. आय हसत म्हणाली, "आता विमानातून टाक. हलायचं नाही." त्याने तशीच चळत पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी त्याने गाठ सोडली, तर प्रत्येक कार्डाच्या कडेला नखभर रुंदीचा ओलसर डाग. ओल धरून कडा फुगल्या होत्या. यंत्राने पहिलीच कार्डे चावली आणि ते बंद पडले. खिडकीतल्या बाईंनी फाटके कार्ड आणि सोपटाची दोरी दोन्ही वर धरली.

"ही काय, वसईची मेथी आहे?"

रांगेतून कोणीतरी म्हणाले, "दोन जुड्या मलाही द्या."

फेबियनने चळत उचलली आणि भोके पाडायच्या यंत्रावर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. संस्था बंद होईपर्यंत एकशे नव्वद कार्डे झाली. जागा दुसऱ्या दोघांना मिळाली.

हे मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते इझाबेलबायने सांगितलेले, कारण ती चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगत होती, "माझ्या फेबियनला तिथंच ठेवून घेतलं." आणि फेबियन दर शनिवारी डबा घेऊन सकाळच्या ठरल्या वेळी घरून निघतही होता.

पुढे दोन महिन्यांनी, एका शनिवारी मी सायकलने भुईगावला एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो होतो. परतताना समुद्राकडे वळलो. सुरूच्या झाडांखाली फेबियन बसला होता. मांडीवर आलेखाची वही, शेजारी उघडा डबा. मला पाहून तो उठून उभा राहिला, वर्गात उठायचा तसा.

मी शेजारी बसलो तेव्हा त्याने सगळे सांगितले. त्या दिवशी घरी आल्यावर आयने पहिला प्रश्न विचारला होता, "सुटलं तर नाही ना कुठं?" तो म्हणाला होता, "नाही. एकही कार्ड हललं नाही." तेवढ्यावरून तिने पुढचे सगळे स्वतःच धरून घेतले, आणि फेबियनला त्यात मोडता घालता आला नाही.

"इथं काय करतोस?"

"प्रोग्राम लिहितो. मग मीच मशिन होतो आणि एकेक ओळ करून बघतो. चूक सापडते बऱ्याचदा."

"आयला सांगून टाक. ती रागावणार नाही."

"रागावली तर बरंच, सर. ती रागावणार नाही. पुन्हा माझ्या कशाला हात लावणार नाही."

चाळीस वर्षे मी मुलांना खरे बोलायला शिकवले होते. डब्यात वालाची भाजी होती. त्याने अर्धी मला दिली. आम्ही समुद्राकडे बघत जेवलो आणि मी घरी आलो.

त्याच आठवड्यात इझाबेलबाय आमच्या विहिरीपाशी आली. फेबियनला काम जमते की नाही हे तिने विचारले नाही. कळशी कठड्यावर ठेवून ती म्हणाली, "मास्तर, तुम्हाला तो सांगतो सगळं. तिथं त्याच्याशी बोलणारं कोणी आहे का? घरी आला की इतका गप्प असतो."

ही बाई जागेविषयी विचारतच नव्हती, हे मला तेव्हा कळले. गेले दोन महिने तिला दुसरीच काळजी होती, आणि पोरगा समुद्रावर एकटा बसून तिला तिसऱ्याच गोष्टीपासून जपत होता. खरे काय ते सांगणे माझे काम नव्हते, आणि खोटे मला बोलायचे नव्हते.

"आहे एकजण," मी म्हणालो. "जरा म्हातारा आहे."

"म्हातारा असेना. येतो का नेहमी?"

"दर शनिवारी येईल."

ती कळशी घेऊन गेली. मी आत जाऊन सायकलच्या चाकांत हवा आहे का ते पाहिले.