विठ्ठलवाडीच्या नाल्यावरून दिल्लीला गेलेले श्रीधर सर

माझ्या आईच्या फ्रिजमध्ये दोन वर्षं नाल्याचं पाणी ठेवणारा माणूस आज सकाळी गेला.

आमचे श्रीधर सर.

पेपरात उद्या 'माजी खासदार' म्हणून येईल. मला ते आठवतात ते विठ्ठलवाडीच्या पुलावर, दोरी बांधलेली बादली खाली सोडताना.

८६-८७ ची गोष्ट. सर पर्यावरण इंजिनिअर, डोंबिवलीचे. मी ठाण्याच्या त्यांच्या सरकारी पाणी तपासणी लॅबमध्ये नवी केमिस्ट.

पुलावर हमखास गर्दी जमायची.

"काय पडलं साहेब?"

"ऑक्सिजन," सर म्हणायचे. अगदी गंभीरपणे.

दोघं जण वाकून शोधायला लागायचे.

लॅबचा फ्रिज कायम बंद. सॅम्पल तर थंडच राहायला हवीत. आमचं घर नौपाड्यात, लॅबपासून पाच मिनिटांवर. झालं! कोथिंबिरीच्या शेजारी नाल्याच्या बाटल्या.

आईने शेवटी आमच्याच बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'आपलं पाणी.'

मग कोलशेतच्या खाडीत मासे मरायला लागले.

तिथल्या जनीबाय मासळी विकायच्या. त्यांनी बहीण आणि सुनेला घेऊन सरांना होडीत बसवून नेलं. सर बाटल्या भरत होते, त्या नुसत्या पाणी हुंगत होत्या.

"हितं नाय. जरा म्होरं चल. हां, हितं घान सोरलीय."

सर म्हणाले, "टेस्टला पाच दिवस लागतील."

"तुजी बाटली पाच दिसांनी सांगंल. माजं नाक आत्ताच सांगतंय."

पाच दिवसांनी रिझल्ट आला. नाक बरोबर होतं. जनीबायने दाखवलेली जागा म्हणजे एका कारखान्याचा पाइप, भरतीच्या पाण्याखाली लपवलेला.

सरांनी रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं: वासाची चाचणी, तीन जणींचं पॅनेल. खाली जनीबाय, त्यांची बहीण आणि सून यांचे अंगठे.

रिपोर्ट वरच्या ऑफिसातून परत आला. शेरा: 'पॅनेलची शैक्षणिक पात्रता नमूद करावी.'

सरांनी नमूद केली: 'जन्मापासून खाडीवर.'

आम्ही त्या ऑफिसात किती खेपा घातल्या, देव जाणे. शेवटी तिथले साहेब वैतागले. "अहो, एवढी हौस असेल तर संसदेत जाऊन विचारा!"

आणि हसले.

परत येताना रिक्षात बसलो. तीन पेट्रोल पंप नाक्यावर आल्यावर सर म्हणाले,

"सुनंदा, संसदेत कसं विचारतात गं?"

मला वाटलं जोक आहे.

महिन्याभरात वरून तोंडी निरोप आला, कोलशेतचे आकडे जरा 'बघून घ्या'. सरांनी बघितले. तेच होते. मग राजीनामा लिहिला. बायको शिक्षिका, दोन मुली शाळेत. घरी काय झालं ते कधी बोलले नाहीत.

मीही माझा राजीनामा घेऊन गेले. त्यांनी तो घडी करून माझ्याच पर्समध्ये ठेवला.

"तू इथेच थांब. खरे आकडे लिहायला कुणीतरी आत हवं."

सर एका पक्षात शिरले. भाषणात भिंतीवर तक्ता लावायचे. पहिल्या तक्त्याला लोक उठायचे, दुसऱ्याला आयोजक. राजकारण त्यांना अजिबात जमत नव्हतं हो!

पण एकदा पक्षाचे दिल्लीचे मोठे नेते फोटोसाठी कोलशेतला आले. पांढरेशुभ्र कपडे. कॅमेरावाला म्हणाला, "साहेब, एक पाऊल पुढे."

साहेब एक पाऊल पुढे आले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले.

तो सोडवायला दुसरा पाय टाकला. तोही गेला.

लोक फळ्या आणायला धावले. आणि सरांनी, मी शप्पथ सांगते, पिशवीतून बाटली काढली आणि टेस्ट करून दाखवायला सुरुवात केली.

"बघा साहेब, पाण्यात ऑक्सिजन असेल तर हे तपकिरी होतं. नसेल तर पांढरं."

बाटली पांढरी झाली.

"पांढरं म्हणजे चांगलं ना?" साहेब.

"नाही साहेब. पांढरं म्हणजे मेलेलं."

जनीबाय इतक्या जोरात हसल्या की पाटी डोक्यावरून पडता पडता राहिली.

फळ्या येईपर्यंत पाऊण तास गेला. सरांना आयुष्यात पहिल्यांदा न उठणारा श्रोता मिळाला होता. त्यांनी सगळं सांगितलं: पाइप, मासे, परत आलेला रिपोर्ट.

बाहेर निघाल्यावर साहेबांनी चपला शोधल्या नाहीत. सेक्रेटरीला एवढंच म्हणाले, "या माणसाला दिल्लीला न्या. इथे राहिला तर मला परत बोलावेल."

नव्वदच्या दशकात सर खरंच राज्यसभेत गेले.

पहिला प्रश्न कोलशेतच्या पाइपचा.

संसदेतला प्रश्न मंत्रालयातून खाली खाली येत त्याच ऑफिसात पोचला. एक दिवस लॅबमध्ये फोन. तेच साहेब.

"मॅडम, अर्जंट आहे. उत्तर द्यायचंय, आमच्याकडे डेटाच नाही. तुमचे ते सर सध्या कुठे असतात?"

"संसदेत. तुम्हीच पाठवलंत ना?"

पाइप बंद झाला. शुद्धीकरण प्लांट आला. तो रोज चालतो असं मी म्हणणार नाही. मासेही सगळे परत आले नाहीत. जनीबायची सून आता पोळी-भाजी केंद्र चालवते.

टर्म संपल्यावर सर स्टेशनवरून थेट लॅबमध्ये आले. बॅग ठेवली, ॲप्रन चढवला, बेसिनवर उभे राहून काचसामान घासायला लागले.

"सहा वर्षं नुसतं बोललो गं. जरा हाताला काम दे."

दोन ब्युरेट फोडल्या.

मी विचारलं, "परत जाणार?"

"नाही. तिकडे मला प्रदूषणवाले म्हणायचे. एक जण लिफ्टमध्ये भेटला की मुद्दाम नाकाला रुमाल लावायचा." खूप हसले. मग नळ बंद केला.

"पण सुनंदा, सहा वर्षांत एकदाही खोटा आकडा वाचला नाही."

मी फुटलेल्या काचा गोळा करायला घेतल्या.

मीही नाही लिहिला, सर. रिटायर होईपर्यंत एकही नाही. तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलं.

या सुनंदाचा तुम्हाला नमस्कार.